जिप्सीचे छज्जे

मुलांनो, ताडोब्याला वाघ पाहायला गेला असाल तर बहुधा तुम्ही जिप्सीत बसला असाल. उंच, वर उघडी, हिरव्या रंगाची गाडी. वाघ दिसला की सगळे वाघाकडे पाहतात, नाही दिसला तर गाइडकडे रागाने पाहतात. गाडीकडे मात्र कुणीच पाहत नाही! जिप्सी पुन्हा कुठे दिसली तर जरा खाली वाकून चाकाच्या वरची जागा पाहा. गाडी १९९३ नंतरची असेल तर चाकाच्या वर काळ्या रंगाची एक रुंद कड बसवलेली दिसेल. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून खिडकीवर छज्जा असतो ना, अगदी तशी. इंग्रजीत तिला फेंडर फ्लेअर म्हणतात. माझ्या पुतणीने तिला 'छज्जा' म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या घरी तेच नाव पडलं. मीही इथे तेच वापरते.

हे छज्जे गाडीला का आले, याची गोष्ट गमतीची आहे. मारुती कंपनीने जिप्सी बाजारात आणली ती १९८५ च्या डिसेंबर महिन्यात. मूळ गाडी जपानच्या सुझुकीची. ९७० सी.सी.चं छोटंसं इंजिन, चारही चाकांना ताकद देता येईल अशी रचना आणि अंगाने हलकी. लष्कराने ती हजारोंनी घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्यानेही घेतली. पण तिच्यात एक गोष्ट खटकायची. गाडी चांगली उंच, आणि डावं-उजवं चाक मात्र एकमेकांच्या फार जवळ. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर होतं १२१० मि.मी., म्हणजे सव्वा मीटरसुद्धा नाही.

याने काय बिघडतं? एस.टी.त कधी उभ्याने प्रवास केलाय? पाय जुळवून उभे राहा. घाटातलं पहिलंच वळण तुम्हाला शेजारच्या आजोबांच्या मांडीवर नेऊन बसवेल. आता पाय फाकवून उभे राहा. वळण तेच, बस तीच, पण तोल जात नाही. गाडीचंही असंच आहे. गाडी जितकी उंच आणि चाकं जितकी जवळ, तितकी ती वळणावर कलंडायची भीती जास्त. १९९३ साली कंपनीने जिप्सीचे पाय फाकवले. दोन चाकांमधलं अंतर ९० मि.मी.ने वाढवलं : पुढे १३००, मागे १३१०. नऊ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या कंपासपेटीतली अर्ध्याहून जास्त पट्टी!

पण वरचा पत्रा जवळजवळ तोच राहिला. पत्रा दाबून आकार देणारे साचे बदलणं फार खर्चाचं काम असतं. मग झालं काय, की दोन्ही बाजूंची चाकं प्रत्येकी साडेचार सेंटिमीटर बाहेर आली आणि वरचं छप्पर अपुरं पडायला लागलं. म्हणून हे छज्जे. पुढे १९९६ साली १३०० सी.सी. इंजिनची 'जिप्सी किंग' आली, तिलाही ते होतेच.

माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या दादाची जिप्सी मात्र १९९१ ची. अरुंद पायांची, बिनछज्ज्याची.

दादा जनावरांचा डॉक्टर आहे. राधानगरीच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला जे धनगरवाडे आणि वाड्या आहेत, तिथे त्याची ये-जा. म्हैस अडली, बैलाला साप चावला, शेळ्या एकाएकी मरायला लागल्या, की याला बोलावणं येतं. पावसाळ्यात तिकडचा रस्ता म्हणजे लाल चिखल आणि त्यात पेरलेले दगड. दादाने ही जिप्सी जुनीच घेतली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव. वहिनी म्हणतात, "घरात दुधाचं भांडं उतू गेलं तरी ह्यांना ऐकू येत नाही, पण जिप्सीचा आवाज बदलला की झोपेतून उठून बसतात!"

२०२२ च्या उन्हाळ्यात जिप्सीच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या आवरणाला तडा गेला. अ‍ॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा आडवा दांडा आणि त्यातली यंत्रणा. अरुंद जिप्सीचा अ‍ॅक्सल काही केल्या मिळेना. शेवटी मिस्त्रींनी एका मोडीत निघालेल्या किंगचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही अ‍ॅक्सल आणून बसवले. पाटे तेच, बसायची जागा तीच, त्यामुळे बसले व्यवस्थित. गाडी वळणावर पूर्वीपेक्षा शहाण्यासारखी वागू लागली. दादा खूश! चाकं चार बोटं बाहेर आली होती, पण "छज्जे काय, बसवू सावकाश," असं म्हणत पहिला पावसाळा तसाच निघून गेला.

दुसरा मात्र गेला नाही.

२०२३ च्या जुलैमधली गोष्ट. सकाळी शाळेची वेळ. दादा एका वाडीवरून परत येत होता. रस्त्याच्या कडेने शाळेला जाणारी मुलं चालली होती. जिप्सी त्यांच्या जवळून गेली आणि चाकातून उडालेला एक खडा तिसरीतल्या एका मुलीच्या गालावर बसला. डोळ्याच्या खाली, जेमतेम बोटभर अंतरावर. दादाने आरशात पाहिलं तेव्हा ती दप्तर टाकून खाली बसली होती. तिला त्याने उचललं, दवाखान्यात नेलं, दोन टाके पडले. ती रडलीही नाही म्हणे. तिची आई शेतातून धावत आली. ती दादाला काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "डोळा वाचला, डॉक्टर."

त्या दिवशी दादाने जिप्सी परड्यात लावली आणि किल्ली वहिनींच्या हातात दिली. उरलेला पावसाळा तो मोटरसायकलवर फिरला. मोटरसायकलवर औषधांची पेटी नेता येते, पण अडलेल्या म्हशीला लागणारी सगळी अवजारं, दोर, सलाइनच्या बाटल्या, बॅटरी हे सारं कसं न्यायचं? ऑगस्टमध्ये एका रात्री वरच्या वाडीवरून निरोप आला. मोटरसायकल अर्ध्या वाटेत चिखलात बसली. पुढचे चार किलोमीटर तो पेटी डोक्यावर घेऊन चालत गेला. म्हैस वाचली, रेडकू गेलं. त्या घरातलं दूध त्या एका म्हशीवरच चालत होतं, म्हणून ती वाचली हे मोठंच झालं. तरीपण दादा आठवडाभर जेवताना गप्प असायचा.

आता तुम्ही विचाराल, चाक जमिनीवर, आणि खडा गालापर्यंत कसा उडाला? हाच प्रश्न माझ्या पुतणीलाही पडला. ती तेव्हा सातवीत होती. तिला मी सायकल आणायला सांगितली. सायकलच्या टायरवर खडूने एक खूण करा आणि कुणालातरी सायकल हळूहळू ढकलायला सांगा. खूण जमिनीला टेकते त्या क्षणी ती जणू थांबलेली असते. तिथून ती उचलली जाते, वेग घेते, आणि अगदी वर पोचते तेव्हा सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असते! म्हणजे गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल, तर टायरचा तळ जमिनीपुरता थांबलेला आणि माथा ताशी ८० ने पळतोय. टायरच्या खाचेत अडकलेला खडा या प्रवासात कुठेही सुटू शकतो. सुटला की ज्या दिशेने त्या क्षणी जात होता त्याच दिशेने सरळ निघतो. माथ्याजवळ सुटला तर पुढे आणि वर. मडगार्ड नसलेली सायकल पावसात चालवली की शर्टाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो ना, तो मागच्या चाकाच्या याच खोडीने. टायर पूर्ण झाकलेला असेल तर खडा आतल्या आत पत्र्यावर आपटतो, 'टण्' आवाज येतो आणि विषय संपतो. पण दादाच्या जिप्सीचा चार बोटं टायर छपराबाहेर होता.

म्हणजे छज्जे बसवायला हवे होते, आणि तेही पुढच्या पावसाच्या आत.

मे २०२४ मध्ये मी माहेरी गेले तेव्हा घरात याच एका विषयाची चर्चा चालली होती. गावातले दोन उत्साही तरुण रोज संध्याकाळी येऊन सल्ले देत. "डॉक्टर, आता टायर अजून मोठे टाका, वरचा पत्रा कापा आणि बाहेरून मिळतात ते जाडजूड छज्जे मारा, गाडी वाघासारखी दिसेल!" दादा हसून चहा पाजायचा. पण पत्रा कापायचं नाव काढलं की त्याचा चेहरा बदलायचा. मलाही ते पटत नव्हतं. दिसण्यासाठी गाडीला छज्जे लावणारे हल्ली पुष्कळ दिसतात. त्यातल्या अर्ध्यांचे टायर छज्ज्याच्याही बाहेर असतात. मग त्या छज्ज्याने नक्की काय साधलं, हे एकदा विचारायला हवं.

शिवाय कायद्याचाही प्रश्न होता. आपली गाडी म्हणून तिच्यात वाटेल तो बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम याबद्दलच आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कंपनीने दिलेला आणि नोंदणीत लिहिलेला जो मूळ तपशील असतो, त्याच्याशी विसंगत बदल चालणार नाही. दादाने म्हणूनच आधी आरटीओ कचेरीत जाऊन विचारलं, सांगितले ते अर्ज आणि बिलं दिली आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. तरुण मंडळींना हा भाग फारच कंटाळवाणा वाटला.

छज्जे हवे होते किंगचे. जिप्सी आता नव्याने विकली जात नाही. २०१९ च्या सुमारास ती बंदच झाली. कोल्हापूरला उद्यमनगरात चौकशी करत करत दादा आणि मिस्त्री एका जुन्या सामानाच्या दुकानात पोचले आणि चार छज्जे गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. उन्हाने करडे पडलेले. मागच्या बाजूला कुठल्या कुठल्या गावचा वाळलेला चिखल. एकाला भोकाजवळ चीर.

चीर पाहून मला वाटलं, हा फुकट गेला. मिस्त्रींनी मात्र बारीक ड्रिल घेतलं आणि चीर जिथे संपत होती बरोबर त्या टोकाला एक छोटंसं भोक पाडलं. पुतणी म्हणाली, "काका, फाटलेल्याला आणखी भोक कशाला?" मिस्त्री म्हणाले, "पोरी, चिरेचं टोक सुईगत असतंय. सगळा ताण तितंच येतोय, म्हणून ती फुडं पळती. टोकाला गोल भोक पाडलं की ताण वाटला जातोय, चीर थांबती." पुढे मागच्या बाजूने प्लॅस्टिकची पट्टी बसवून त्यांनी ती चीर सांधली. विमानाच्या पत्र्याला चीर गेली तर तिथेही ही युक्ती वापरतात.

मिस्त्रींची एक सवय मला फार आवडली. ते पहिल्या दिवशी हातात ड्रिल घेतच नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, ह्यो पत्रा एक्क्याण्णवचा हाय. भोक पाडायला मिनिट लागत न्हाई, बुजवायला जल्म जातोय. आज नुसतं बघायचं." मग कागदी चिकटपट्टीने चारही छज्जे जागेवर चिकटवले आणि आम्ही सगळे लांब उभे राहून पाहू लागलो. समोरचे दोन बसले. मागचा डावाही बसला. मागचा उजवा मात्र बसेना. खालून टेकवला की वर बोट जाईल एवढी फट, वर दाबला की खाली फट.

गाडी त्याच घराण्यातली, मग छज्जा का बसू नये?

उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर! मिस्त्रींनी पुतणीला लोहचुंबक आणायला सांगितलं. ती फ्रिजवरचा आंब्याचा चुंबक घेऊन आली. तो मागच्या उजव्या चाकाभोवतीच्या पत्र्यावर फिरवायला लागलो, तर काही ठिकाणी घट्ट चिकटे आणि काही ठिकाणी सरळ खाली पडे. पुतणीने जिथे जिथे तो पडला तिथे खडूने रेघ मारली. पाहता पाहता गाडीच्या अंगावर एक नकाशा तयार झाला. कोणे एके काळी, दादाने घेण्याच्याही आधी, तिथे जोरात मार बसला होता. पोचा पुरता बाहेर न काढताच वरून जाड लांबी भरून, घासून, रंग दिला होता. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण डोळ्याला सगळं गुळगुळीत दिसत होतं. छज्जा कंपनीच्या मूळ आकाराचा होता, म्हणून त्याने चोरी पकडली!

आता दोन मार्ग. लांबी खरवडून पत्रा ठोकून सरळ करायचा, नाहीतर छज्ज्यालाच थोडा वाकवायचा. पहिला मार्ग बरोबर, पण तेव्हा पंधरा दिवस आणि बराच पैसा लागला असता. दादाने दुसरा निवडला. मी असते तर पहिला निवडला असता, कारण लांबीखाली पत्रा गंजतोय की काय हे तेव्हाच कळलं असतं. पण गाडी त्याची आणि जून तोंडावर आलेला.

प्लॅस्टिक सरळ आगीवर धरलं तर जळतं, सुरकुततं, विषारी धूर येतो. वहिनींनी परड्यातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. जुनी गोणपाटं त्यात बुचकळून, चिमट्याने उचलून, छज्ज्यावर पसरायची, पाच मिनिटांनी बदलायची. (हे काम मोठ्या माणसांनीच केलं, आणि तुम्हीही एकट्याने करू नका. वाफेने भाजतं.) प्लॅस्टिक ऊनऊन झालं की मिस्त्री तो छज्जा गाडीला दाबून धरत आणि गार होईपर्यंत सोडत नसत. असं सात वेळा झालं. बोटभर फट होती ती रुपयाच्या नाण्याएवढी राहिली. तिथे रबराची बीडिंग बसवली.

मग भोकं. एका छज्ज्याला सहा, म्हणजे एकूण चोवीस. जिथे दोन पत्रे एकमेकांना जोडलेले असतात ती जागा टाळून मिस्त्रींनी खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर आधी पंच ठेवून हातोडीचा हलका ठोका, म्हणजे छोटा खड्डा पडतो आणि ड्रिल घसरत नाही. आधी बारीक ड्रिल, मग जाड. पत्र्यातली भोकं बोल्टच्या मापाची, पण छज्ज्यातली किंचित लांबट ठेवली. याचं कारण पुतणीने ओळखलं, मला फार अभिमान वाटला. उन्हात प्लॅस्टिक पोलादापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. त्याला सरकायला जागा ठेवली नाही तर ते फुगून वाकडं होईल, नाहीतर भोकापाशी पुन्हा चिरेल.

भोकं पाडून झाली तसे ते दोघे तरुण म्हणाले, "चला, आता ठोका बोल्ट!" मिस्त्रींनी चक्क ड्रिल पिशवीत टाकलं आणि घरी निघाले. जाताना पुतणीच्या हातात लाल ऑक्साइडचा डबा आणि एक बारीक ब्रश दिला.

भोक पाडलं म्हणजे पत्र्याला एक उघडी जखम केली, असं समजा. कडेला रंग नसतो, खाली नागडं पोलाद. पाणी आणि हवा दोन्ही एकदम मिळाली की गंज सुरू. वरून छज्जा असल्यामुळे तो दिसतही नाही. छज्ज्याच्या मागे ओला चिखल अडकून बसतो, तो लवकर वाळत नाही, आणि आमच्याकडचा पाऊस तर चार महिने. चोवीस जखमा झाकायच्या होत्या, आतून आणि बाहेरून. पुतणीने सबंध दुपार गाडीखाली सतरंजी टाकून घालवली. संध्याकाळी तिच्या नाकावर, कानावर आणि वेणीलाही लाल ऑक्साइड होता. रात्रभर तो वाळला. दुसऱ्या दिवशी वरून रंगाचा हात, पुन्हा एक रात्र. तिसऱ्या दिवशी बोल्ट, रबराचे वायसर, पत्रा आणि छज्जा यांच्यामध्ये बीडिंग, आणि खालच्या टोकाला पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम सोडलेली थोडी जागा.

छज्जे बसले. काळे, थोडे जुनाट, पण शोभले. दादा किल्ली घ्यायला निघाला तर मिस्त्री म्हणाले, "थांबा की वाईच. वहिनी, कणीक हाय का मळलेली?"

वहिनींनी पोळ्यांची कणीक दिली, थोड्या कुरकुरीनेच. मिस्त्रींनी तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून प्रत्येक छज्ज्याच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. मग गाडी अशी चालवली, की पुढचं डावं चाक एका मोठ्या दगडावर चढेल आणि उजवं खड्ड्यात जाईल. जिप्सीला आडवा एकसंध अ‍ॅक्सल असतो, त्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं खाली लोंबतं, आणि वर गेलेलं चाक थेट छपराला भिडायला बघतं. त्याच अवस्थेत स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग दुसरी बाजू. नंतर बॅटरी लावून कणकेच्या गोळ्या तपासल्या. बहुतेक जशाच्या तशा गोल होत्या. पण पुढच्या डाव्या चाकापाशी एका गोळीवर टायरचा ठसा होता, आणि तिच्या शेजारीच एका बोल्टचं टोक आत आलेलं होतं. टायर त्या टोकापासून फार तर नखभर लांब! घाटात भरल्या गाडीनिशी खड्डा लागला असता तर त्या टोकाने टायरला चिरा पाडल्या असत्या. मिस्त्रींनी आतल्या बाजूचे सगळे बोल्ट काढले आणि आखूड, सपाट डोक्याचे बसवले. पुन्हा कणीक, पुन्हा दगड, पुन्हा खड्डा. या वेळी चोवीसच्या चोवीस गोळ्या गोल. त्या दिवशी जेवणात पोळ्या कमी पडल्या, भात वाढवावा लागला.

दादाचं मन मात्र एवढ्याने भरेना. खडा थांबेल का, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. खरं तर त्याची तयारी आम्ही छज्जे लावायच्या आधीच करून ठेवली होती. वहिनींची एक पांढरी जुनी चादर दोन बांबूंना बांधून रस्त्याच्या कडेला उभी केली होती, चाकाच्या वाटेपासून दीड मीटरवर. जमिनीपासून ११० सें.मी. उंचीवर कोळशाने आडवी रेघ मारली. तिसरीतल्या मुलीचा डोळा साधारण तेवढ्या उंचीवर येतो. रस्त्यावर लाल माती टाकून पाण्याने भिजवली आणि दादाने ताशी ३० च्या वेगाने तीन वेळा गाडी नेली. त्या वेळी रेघेच्या वर चिखलाचे ७१ ठिपके मोजले होते. खालचे मोजायला सुरुवात केली, पण दोनशेनंतर पुतणी म्हणाली, "आत्या, बास!"

आता छज्जे लावल्यावर चादर धुऊन पुन्हा तिथेच उभी केली. तीच माती, तेवढंच पाणी, तोच वेग, तीन फेऱ्या. रेघेच्या वर ठिपके निघाले ६.

आम्ही टाळ्या वाजवल्या. दादाने वाजवल्या नाहीत. तो चादरीच्या खालच्या भागाकडे पाहत होता. तिथे पूर्वीसारखाच चिखल होता, आणि एका जागी, गुडघ्याच्या उंचीवर, चादर फाटून छोटं भोक पडलं होतं. तो खडा टायरच्या खाचेत बसून वर गेलेलाच नव्हता. टायरच्या कडेखाली खडा चेपला जातो आणि बोटांनी दाबलेली ओली चिंचोक्याची बी सटकते तसा तो बाजूला सटकतो, जमिनीलगत, गोळीसारखा. त्याला छज्जा अडवू शकत नाही. चाकामागचा रबरी पडदाही नाही. त्याला अडवायचा उपाय एकच, वेग कमी करणं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि जिप्सी परड्यातून बाहेर पडली. वहिनींच्या फोनवरून पुतणी मला बातम्या देते. छज्ज्यांच्या मागचा चिखल दर रविवारी पाइप लावून धुवायचं काम तिच्याकडे आहे. चोवीसपैकी एका भोकापाशी लालसर डाग दिसला होता, तो तिने घासून पुन्हा ऑक्साइड लावला. पुढची काच पूर्वीइतकी बरबटत नाही. वरच्या वाडीवरची ती म्हैस पुन्हा व्यायली. या वेळी दादा वेळेत पोचला आणि रेडी झाली.

ती मुलगी आता मोठी झालीय. गालावरची खूण बारीक रेघेसारखी उरलीय. जिप्सीचा आवाज आला की ती अजूनही रस्ता सोडून एका जांभळाच्या झाडामागे जाऊन उभी राहते. दादा झाडाच्या अलीकडेच गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो आणि ती पुढे निघून जाईपर्यंत तसाच बसून राहतो.